मोजण्याआधी निवडणं

धान्य साफ करण्यासाठी मराठीत तीन वेगळी क्रियापदं आहेत: निवडणं, पाखडणं आणि चाळणं. निवडताना काम डोळ्यांचं असतं. खडा वेगळा दिसतो म्हणून बोटं तो उचलतात. पाखडताना निवाडा वजनाचा. सूप हलवलं की हलकं फोलपट पुढच्या कडेवरून उडून जातं आणि भरीव दाणा मागे राहतो. चाळताना सगळा प्रश्न आकाराचा. भोकातून उतरेल ते खाली, अडेल ते वर. तिन्हींच्या शेवटी हाती स्वच्छ धान्यच येतं, पण वेगळं काढण्याची कसोटी दर वेळी निराळी असते. ज्या बायकांनी ही भाषा वापरून वापरून घडवली, त्यांना हा फरक इतका नेमका कळत होता की तिन्ही कामांना त्यांनी स्वतंत्र नावं दिली.

गणितात ज्याला वर्गीकरण म्हणतात ते मुळात हेच. एक कसोटी धरायची आणि समोरची प्रत्येक वस्तू तिच्यावर पारखून इकडे किंवा तिकडे टाकायची. पाठ्यपुस्तकात हा जड शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून मूल या कामाच्या शेजारी बसलेलं असतं. आता बाजारातून निवडलेले तांदूळ पाकिटात येतात आणि सूप बऱ्याच घरांतून गेलं. तरी कोथिंबीर निवडली जातेच, वाळलेले कपडे ज्याचे त्याचे वेगळे होतात, घासलेली भांडी मांडणीवर आपापल्या जागी जातात. लहान मुलाचं गणित उजळणीच्या आधी इथे सुरू होतं, असं माझं म्हणणं आहे. आणि मुलाने ढीग कसे पाडले हे बघून ‘कशावरून ठरवलंस?’ असं विचारणारं माणूस त्याच्या शेजारी आहे की नाही, यावर त्या गणिताचं पुढे काय होतं हे बरंचसं अवलंबून असतं.

आधी ‘काय’, मग ‘किती’

चार वर्षांच्या मुलाला पाहुण्यांपुढे उभं करून वीसपर्यंत आकडे म्हणायला लावण्याची आपल्याकडे हौस आहे. मूल म्हणतंही. मग त्याच्यासमोर सहा वाट्या ठेवून ‘किती आहेत?’ विचारलं, की तोंड एका वेगाने धावतं आणि बोट दुसऱ्या, आणि उत्तर कधी आठ येतं, कधी पाच.

रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मोजण्याच्या या साध्या दिसणाऱ्या कृतीमागची पाच तत्त्वं उलगडून दाखवली. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच आकडा द्यायचा. आकड्यांचा क्रम मोडायचा नाही. शेवटी उच्चारलेला आकडा सगळ्या समूहाची संख्या सांगतो हे ओळखायचं. मोजण्याची वस्तू कुठलीही असू शकते. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर बदलत नाही. पण या पाचांच्या आधी आणखी एक पायरी आहे. ती मोठ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ध्यानातच येत नाही. मोजायचं काय, हे ठरलेलं असावं लागतं.

ताटात वाल, चवळी आणि राजमा एकत्र पडलेले आहेत. ‘किती आहेत?’ या प्रश्नाला इथे उत्तरच नाही. राजम्याचे दाणे किती, फुटके किती, पांढरे किती, सगळं मिळून किती, या प्रत्येकाचं उत्तर वेगळं. ‘किती’ म्हणण्याआधी ‘काय’ ठरवावं लागतं, आणि ‘काय’ ठरवणं म्हणजेच निवडणं.

एक छोटा प्रश्न मुलांना विचारून पाहा. तीन चमचे आणि दोन वाट्या मिळून किती? मूल म्हणेल, पाच. मग विचारा, पाच काय? इथे ते थबकतं. पाच चमचे नाहीत, पाच वाट्याही नाहीत. जे मूल थोडा विचार करून ‘पाच भांडी’ म्हणतं, त्याने चमचा आणि वाटी या दोघांना एका मोठ्या टोपलीत घातलेलं असतं. पुढे मोठ्या इयत्तेत हेच मूल एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज करायला बसतं आणि अडतं ते नेमकं इथे. तृतीयांश आणि चतुर्थांश म्हणजे पुन्हा चमचा आणि वाटी. दोघांना ‘बारावा भाग’ हे सामाईक नाव मिळाल्याखेरीज बेरीज होत नाही. ते मिळालं की चार बारावे भाग आणि तीन बारावे भाग, मिळून सात बारावे भाग. छेद समान करा, असं आपण मुलांना शिकवतो. का करायचे ते सांगायचं राहून जातं.

खुद्द संख्या हीसुद्धा निवडण्यातूनच आलेली आहे. पाच बोटं, पाच चिंचोके, पाच टाळ्या यांच्यात सारखं काय आहे? रंग नाही, आकार नाही. टाळी तर हातातही धरता येत नाही. एकेक गुण बाजूला टाकत गेलं की तळाशी ‘पाच’ उरतो. गॉटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञाने १८८४ साली संख्येची व्याख्या साधारण याच वाटेने केली आणि पुढे बर्ट्रांड रसेलनेही तीच वाट धरली. ज्या समूहांतल्या वस्तूंची एकास एक जोडी लागते असे सगळे समूह एका गटात टाका. तो गट म्हणजे संख्या. मोठमोठ्या तर्कशास्त्र्यांना ज्यासाठी ग्रंथ लिहावे लागले, ते पाच बोटांना पाच चिंचोके लावून बघणारं मूल हाताने करत असतं.

अंताक्षरीसारखी रांग

वेगळं काढण्याची मूळ क्षमता मुलाला आपण देत नाही. ती घेऊनच ते आलेलं असतं. पॉल क्विन आणि पीटर आयमस या संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन-चार महिन्यांच्या बाळांना एकामागून एक मांजरांची चित्रं दाखवली. मग नवं मांजर आणि कुत्रा अशी चित्रं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा बाळांची नजर कुत्र्यावर जास्त वेळ टिकली. दोन्ही चित्रं त्यांनी पूर्वी पाहिलेली नव्हती, पण मांजराचा ‘प्रकार’ त्यांच्या ओळखीचा झाला होता.

आपल्या भाषेतलंच उदाहरण घ्या. मराठी बोलणारं तीन वर्षांचं मूल तो चमचा, ती वाटी, ते ताट म्हणतं. एकाच मांडणीवरच्या तीन वस्तूंचे तीन ढीग त्याने पाडलेले असतात, आणि हे त्याला कोणी पाटीवर शिकवलेलं नसतं. अधूनमधून चुकतं, ‘ते वाटी’ म्हणतं, मग आपोआप सुधारतं.

मग शिकायचं काय उरतं? एकच कसोटी शेवटपर्यंत धरून ठेवणं आणि ती शब्दांत सांगता येणं. हे मात्र सावकाश येतं.

बार्बेल इनहेल्डर आणि जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी जिनिव्हात मुलांपुढे निरनिराळ्या आकारांचे, रंगांचे तुकडे ठेवले आणि ‘जे एकमेकांसारखे आहेत ते एकत्र ठेव’ असं सांगितलं. त्या निरीक्षणांचं पुस्तक १९५९ साली फ्रेंचमध्ये आलं. अगदी लहान मुलं ढीग पाडतच नाहीत, असं त्यांना दिसलं. ती चित्र मांडतात. चौकोनावर त्रिकोण ठेवतात आणि सांगतात, हे घर. आपल्या घरात याचाच दुसरा अवतार दिसतो. मूल राजम्याचे दाणे ओळीने लावतं, खाली दोन हरभरे ठेवतं, आणि आगगाडी स्टेशनात शिरते. आई म्हणते, अरे, वेगळे करायला सांगितलं होतं ना! मुलाच्या लेखी त्याने सांगितलेलं केलेलं असतं. एकमेकांजवळ शोभतील असे दाणे त्याने एकमेकांजवळ ठेवले.

त्याच्या पुढची पायरी मला सर्वांत आवडते. मूल लाल राजमा ठेवतं. त्याच्या शेजारी लाल बटण. बटण गोल, म्हणून पुढे रुपयाचं नाणं. नाणं चकचकीत, म्हणून पुढे स्टीलचा चमचा. प्रत्येक वस्तूचं शेजारणीशी जमतं, पण सगळ्या रांगेला मिळून एक नियम नाही. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने अशा मांडणीला साखळी म्हटलं होतं. त्याच्या १९३४ सालच्या पुस्तकात याची चर्चा आहे. आपल्याला ही मांडणी अंताक्षरीवरून चटकन कळेल. एका गाण्याचं शेवटचं अक्षर पुढच्या गाण्याचं पहिलं. लगतच्या दोन गाण्यांत दुवा आहे, पण अभंगाला लागून लावणी आली तरी चालतं. मूल रांग लावताना अंताक्षरी खेळत असतं. त्या रांगेत हात घालून ती ‘नीट’ करून देऊ नये. पहिल्या राजम्यावर बोट ठेवून विचारावं, याचं आणि या चमच्याचं काय सारखं आहे? काही मुलं क्षणभर बघत राहतात आणि रांग स्वतःच मोडतात. ज्यांना अजून तो प्रश्न पोचत नाही, ती पुढे लावत राहतात. दोन्ही ठीक.

तीन वर्षांच्या मुलाचा हात

आता अशी एक गोष्ट, जी ठाऊक असती तर घरोघरी कितीतरी ओरडणं वाचलं असतं.

फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मुलांसाठी पत्त्यांची एक चाचणी बसवली. दोन खोक्यांवर दोन चित्रं: निळा ससा आणि लाल होडी. मुलाच्या हातात पत्ते दिले जातात, काही लाल सशांचे, काही निळ्या होड्यांचे. आधी सांगितलं जातं, रंगाने लाव. लाल ससा लाल होडीच्या खोक्यात जातो, निळी होडी निळ्या सशाच्या. तीन वर्षांचं मूल हे छान करतं. मग सांगितलं जातं, आता आकाराने लाव. ससे सशाकडे, होड्या होडीकडे. आणि मूल रंगानेच लावत राहतं. त्याला विचारलं, आता ससे कुठे जायचे? ते बरोबर खोक्याकडे बोट दाखवतं. पुढचाच पत्ता हातात दिला की पुन्हा जुन्या जागी. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना हा बदल जमायला लागतो.

नियम कळलेला आहे, तोंडाने सांगताही येतो, पण हात अजून जुन्या नियमाच्या ताब्यात आहे. ‘समजतंय पण मुद्दाम करत नाही’ असं आपण ज्याला म्हणतो, त्यातला किती भाग खरं तर हा असेल! तीन वर्षांच्या मुलाला एका बैठकीत एकच कसोटी पुरे. बटणं रंगाने लावली, झालं, डबा बंद. दुसऱ्या दिवशी तीच बटणं दुसऱ्या थाळीत काढून आकाराने. मूल साडेचार-पाचचं झालं, की मग त्याच बैठकीत, तोच ढीग मोडून, ‘आता दुसऱ्या तऱ्हेनं लावता येतील का?’ या प्रश्नाची मजा सुरू होते. हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. पहिल्यात मुलाने वस्तू वेगळ्या केल्या. दुसऱ्यात त्याला कळतं की लालपणा आणि गोलपणा एकाच बटणात सुखाने राहतात, आणि कुठला धरायचा ते आपण ठरवतो.

झोपलेल्या गाई

पियाजेंचा एक प्रश्न फार गाजला. त्याला मी मराठी रूप देतो. परडीत आठ झेंडू आहेत आणि दोन शेवंती. झेंडू जास्त की फुलं जास्त? सहा वर्षांचं मूल ठामपणे सांगतं, झेंडू. सात-आठ वर्षांपर्यंत बरीच मुलं असंच सांगतात. पियाजेंचा निष्कर्ष असा, की लहान मूल एकाच वेळी पूर्ण आणि त्याचा भाग डोळ्यांपुढे धरू शकत नाही. झेंडूकडे बघितलं की ‘फुलं’ म्हणून शेवंतीच उरते.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकगॅरिगल यांना हा निष्कर्ष घाईचा वाटला. त्यांनी चार खेळण्यातल्या गाई घेतल्या, तीन काळ्या आणि एक पांढरी, आणि त्या आडव्या ठेवून मुलांना सांगितलं की त्या झोपल्या आहेत. मग दोन प्रकारे विचारलं. काळ्या गाई जास्त की गाई जास्त? आणि, काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त? गाई त्याच, संख्या तीच. पहिल्या प्रश्नाला २५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं, दुसऱ्याला ४८ टक्के. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात हा प्रयोग सांगितला आहे. एका विशेषणाने पूर्ण समूह मुलाच्या नजरेत आला.

प्रश्न कसा विचारला यावर मुलाचं उत्तर किती अवलंबून असतं, ते इथे दिसतं. आपल्याकडे बाजारात फूलवाली विचारते, झेंडू देऊ की शेवंती? दोन निराळ्या गोष्टींतून एक निवडायची, हा ‘की’चा रोजचा अर्थ मुलाच्या कानात बसलेला आहे. ‘झेंडू की फुलं’ असं जगात कोणी विचारत नाही. म्हणून मूल प्रश्न मनातल्या मनात दुरुस्त करून घेतं आणि त्या दुरुस्त प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर देतं. तोच प्रश्न असा विचारून बघा: देवाला नुसते झेंडू वाहिले तर जास्त होतील, की परडीतली सगळी फुलं वाहिली तर? मुलं हसतात. सगळी फुलं, हे काय विचारणं झालं!

ही भाग आणि पूर्ण यांची ओळख गणितात पुढे पदोपदी लागते. आठ आणि दोन दहा, दहातून आठ गेले दोन, दहातून दोन गेले आठ. ज्या मुलाला परडी दिसते त्याला ही एकच गोष्ट आहे. ज्याला दिसत नाही ते तीन वाक्यं वेगवेगळी पाठ करत बसतं, आणि वजाबाकीला घाबरतं.

बदाम सात

पियाजे यांनी आलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ साली मुलांच्या संख्याज्ञानावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचा मुख्य मुद्दा असा, की संख्येची कल्पना दोन क्रियांच्या संगमातून येते. एक, सारखं ते एकत्र करणं. आणि दोन, कमी-जास्त पाहून क्रम लावणं. पाच म्हणजे पाच वस्तूंचा गट, आणि पाच म्हणजे चारनंतरची, सहाच्या आधीची जागा. क्रमाचं काम आपल्याकडे प्रतवारी या शब्दात आहे. कोकणात हापूसची प्रतवारी होते तेव्हा फळांचे आकारानुसार गट पडतात. पेटी तीच, पण फळ जितकं मोठं तितके तिच्यात डझन कमी. चार डझनाची पेटी सहा डझनाच्या पेटीपेक्षा महाग का, हा प्रश्न दुसरी-तिसरीतल्या मुलाला विचारण्याजोगा आहे.

या दोन क्रिया एकत्र शिकवणारं साधन आपल्या घरात पूर्वीपासून आहे. मे महिन्याच्या सुटीत दुपारी मुलं बदाम सात खेळतात तो पत्त्यांचा जोड. बावन्न पत्ते. रंगाने लावले तर दोन ढीग, बदाम आणि चौकट लाल, इस्पिक आणि किलवर काळे. चिन्हाने लावले तर चार, प्रत्येकात तेरा. अंकाने लावले तर तेरा, प्रत्येकात चार. आणि बदाम सातमध्ये, सत्ती मधे ठेवून तिच्या खाली छक्की, पंजी, वर अठ्ठी, नव्वी अशा चार रांगा वाढत जातात. आडवं बघावं तर एक अंक, उभं बघावं तर एक चिन्ह. सगळे पत्ते लागले की सतरंजीवर तेरा ओळी आणि चार स्तंभांचा पूर्ण तक्ता पडलेला असतो, आणि प्रत्येक पत्त्याला त्यात एकच जागा असते. ‘चौकट नव्वीची जागा दाखव’ असं सांगितलं की पाच-सहा वर्षांचं मूल रिकाम्या जागेवर बरोबर बोट ठेवतं. आलेख काढताना पुढे जे करायचं असतं ते हेच.

साधं साहित्य

मारिया मॉन्तेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांमागचा एक विचार बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात. सगळे एकाच रंगाचे, एकाच लाकडाचे; फरक फक्त आकाराचा, एक सेंटिमीटर बाजूपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. बाकीचे सगळे गुण गोठवून एकच मोकळा ठेवलेला. मुलाचं लक्ष आपोआप तिथेच जातं.

मॉन्तेसरींच्या विचारांनी प्रेरित झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी बालशिक्षण केंद्र घेऊन आल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी परदेशी धाटणीची महागडी लाकडी साधनं आणणार कुठून? मग भोवताली जे होतं तेच साधन झालं: शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या. मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. ‘अंगणवाडी’ हे नाव तिथून आलं, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने ते देशभर नेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई आणि अनुताईंनी कुरणातही शाळा भरवली.

शिंपल्यांना केवळ गरिबीची तडजोड मानू नये, असं मला आग्रहाने सांगायचं आहे. गुलाबी ठोकळ्यात कसोटी साधनानेच ठरवून दिलेली असते. शिंपल्यात आकार, रंग, रेघा, खडबडीतपणा, भोक असणं-नसणं, सगळंच एकदम बदलतं. कुठली कसोटी धरायची हे मुलालाच ठरवावं लागतं. ठोकळा सोपा आहे आणि म्हणून सुरुवातीला उपयोगी. शिंपल्यांचं काम अवघड आहे आणि म्हणून जास्त दिवस पुरतं. आज २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे आणि खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. ताराबाई आणि अनुताई पाऊणशे वर्षांपूर्वी तिथे पोचल्या होत्या.

‘वेगळा ओळखा’

आणि तरीही बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या दप्तरात छापील सरावपुस्तिका असतात. त्यात एक पान हटकून असतं, ‘वेगळा ओळखा’. माझ्या परिचयातल्या एका मुलीच्या पुस्तिकेत आंबा, सफरचंद, केळं आणि बटाटा होते. तिने केळ्याभोवती गोल केला. बाईंनी लाल फुली मारली. बटाटा फळ नाही, म्हणून बटाटा वेगळा. मी तिला विचारलं, केळं का गं? ती म्हणाली, ‘ते हाताने सोलता येतं. बाकीच्यांना आईला सुरी लागते.’

ती कसोटी निर्दोष आहे. चारही वस्तूंना ती लावता येते आणि उत्तर निःसंदिग्ध मिळतं. छापील उत्तरापेक्षा तिच्या उत्तरात विचार जास्त आहे, कारण ‘बटाटा फळ नाही’ हे तिला कोणीतरी सांगितलेलं आहे आणि सुरीचं तिने स्वतः पाहिलेलं आहे. त्या फुलीने ती काय शिकली? आपलं कारण सांगू नये, बाईंच्या मनातलं ओळखावं. गणिताची भीती बसायला मोठ्या उदाहरणांची गरज नसते. अशा प्रश्नाला एकच उत्तर धरणारं पान मुलापुढे ठेवूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

याउलट ‘चिमणी उडाली भुर्र’ हा खेळ घ्या. साहित्य काहीच नाही, जमिनीवर टेकलेली बोटं तेवढी. कावळा म्हटलं की बोट वर, म्हैस म्हटलं की खाली. पण कोणीतरी म्हणतं, कोंबडी! अर्धी बोटं वर, अर्धी खाली, आणि भांडण. कुंपणावर चढते म्हणजे उडते का? पंख आहेत पण दूर जात नाही, मग? या भांडणात मुलं ‘उडणं’ या शब्दाची व्याख्या करत असतात. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो ग्रहांच्या यादीतून बाहेर गेला. त्यांच्यापुढचा प्रश्न या कोंबडीच्याच जातीचा होता. कसोटी कशी धरायची हे काठावरच्या वस्तू शिकवतात. कावळा आणि म्हैस काही शिकवत नाहीत.

म्हणून ढीग पाडून झाल्यावर जे काही कुठेच बसत नाही, ते डब्यात परत टाकू नका. ‘हे उरले’ म्हणून तो तिसरा ढीग राहू द्या आणि त्याबद्दल बोला. सुतळीची दोन रिंगणं जमिनीवर मांडा. एकात लाल वस्तू, दुसऱ्यात गोल. लाल आणि गोल अशी टिकली आली की मूल ती या रिंगणातून त्या रिंगणात नेत राहतं. कधीतरी त्याचं त्यालाच सुचतं की रिंगणं एकमेकांवर थोडी सरकवली तर टिकलीला दोन्हीकडे जागा मिळते. जॉन व्हेन यांनी १८८० साली ज्या आकृत्या मांडल्या त्या या. सुचेपर्यंत थांबा, सांगून टाकू नका.

दारातल्या चपला हेही उत्तम साधन आहे. आधी जोड्या लागतात. मग मोठ्यांच्या आणि लहानांच्या अशा दोन रांगा. इथे एक फसगत होते: बाबांच्या चार चपलांची रांग मुलांच्या सहा चपलांपेक्षा लांब दिसते आणि मूल म्हणतं, बाबांच्या जास्त. फरशीच्या एका चौकोनात एकच चप्पल ठेवायला सांगा. आता लांबी आणि संख्या जुळतात, आणि मुलाने आयुष्यातला पहिला स्तंभालेख काढलेला असतो.

काही काळजी घ्यावी लागते. तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोके, हरभरे, मणी देऊ नका. ते नाकात, घशात जातात. त्याला वाट्या, मोजे, झाकणं द्या. लालचुटूक गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी त्या विषारी असतात, आणि बिब्ब्याच्या तेलाने कातडीला फोड येतात. ही दोन्ही मुलांच्या डब्यात नकोत. मोठ्या मुलांच्याही हाती दाणे दिले की शेजारी बसा. तसंही बसायचंच आहे, कारण ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारायला कोणीतरी लागतं.

आज वाळलेले कपडे दोरीवरून काढाल, तेव्हा तो ढीग एकट्याने आवरू नका. मुलाला शेजारी बसवा, पहिला मोजा त्याला उचलू द्या, आणि तो त्याने कुठे ठेवला ते बघून कारण विचारा.